शिकलेल्याची पावती



या अंकात शेती खात्याकडून नेहमीप्रमाणे आडसाली लागण, बेणे प्रक्रिया किंवा हुमणी यांपैकी एखाद्या विषयावर लिहावे अशी संपादकांची अपेक्षा होती. ते पुढील अंकी जरूर लिहीन. यावेळी विषय जरा वेगळा घेतला आहे आणि तो माझ्या खात्याचा नाही हे आधीच कबूल करतो. मी शेतीची पदविका घेतलेला माणूस. शिक्षणावर लिहिण्याचा याला अधिकार काय, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर पुढे लेखातच येईल.

झाले असे. लागण नोंदीसाठी एका वस्तीवर गेलो होतो. सभासद वयाने सत्तरीच्या पुढचे, सगळा गट त्यांना तात्या म्हणतो. नोंद झाली, चहा झाला, आणि तात्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यांची मुलगी लग्नानंतर अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात असते. तिचा मुलगा सोळा वर्षांचा. फोटोत पोरगा पाठीला दप्तर लावून एका मोठ्या इमारतीपुढे उभा होता.

“साहेब, ह्यो फोटो कॉलेजातला हाय म्हणती लेक. आन् शाळा बी सुटली न्हाई म्हणती. सकाळी शाळंत जातो, दुपारी कॉलेजात. आता तुम्हीच सांगा, पोरगं शाळंत हाय का कॉलेजात? गावात लोक इचारत्यात, मी काय सांगू?”

मी म्हटले, “तात्या, आपल्यासारखं ज्युनियर कॉलेज असेल ते.” तात्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. रात्री त्यांच्या लेकीशी फोनवर बोललो. मग हाताला लागेल ते वाचले, दोन प्राध्यापक मित्रांना विचारले. माझे उत्तर साफ चुकीचे होते. पोरगा खरोखरच दोन्हीकडे होता. शाळेतही होता आणि कॉलेजातही.

आता ही भानगड काय आहे ती सांगतो. आपल्याला क्रेडिट म्हटले की सोसायटीचे पीककर्ज आठवते. तिकडच्या कॉलेजात क्रेडिट म्हणजे शिकलेल्याचे माप. पदवी नुसती वर्षांवर मोजत नाहीत, क्रेडिटवर मोजतात. आठवड्याला तीन तास वर्ग असलेला एखादा विषय एक सत्र, म्हणजे साधारण पंधरा आठवडे शिकला आणि त्यात पास झाला, की विद्यार्थ्याच्या नावावर तीन क्रेडिट जमा. अशी १२० च्या आसपास क्रेडिट झाली की चार वर्षांची पदवी पुरी. काट्यावर गाडी गेली, वजन झाले, पावती फाटली, टन खात्यावर पडले, असाच हा प्रकार. म्हणून मी यापुढे त्याला पावतीच म्हणणार आहे.

तिकडे नववी ते बारावी ही चारही वर्षे हायस्कूल. या हायस्कुलातल्या मुलाला कॉलेजची पावती आधीच मिळवायची असेल तर मुख्य वाटा दोन आहेत. एक वाट परीक्षेची. तिला अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट म्हणतात. ‘कॉलेज बोर्ड’ नावाची संस्था ती घेते. शाळेतलाच शिक्षक कॉलेजच्या तोडीचा विषय शिकवतो, मे महिन्यात परीक्षा होते, १ ते ५ असे गुण मिळतात. पुष्कळशी कॉलेजे ३ किंवा त्यावरच्या गुणांना पावती देतात, निवडक कॉलेजे ४ किंवा ५ मागतात. एका विषयाला सुमारे शंभर डॉलर फी. ही पद्धत १९५० च्या दशकातली. त्याकाळी काही नामांकित खाजगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांतील जाणत्या लोकांच्या लक्षात आले, की हुशार मुले बारावीत जे शिकतात तेच कॉलेजच्या पहिल्या वर्षात पुन्हा शिकत बसतात. एकदा नांगरलेले रान पुन्हा नांगरायचे कशाला, एवढाच त्यांचा मुद्दा होता.

दुसरी वाट दुहेरी प्रवेशाची. यात मुलगा प्रत्यक्ष कॉलेजचा विषय घेतो. एक तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात जाऊन बसतो, नाहीतर कॉलेजने मान्य केलेला शिक्षक शाळेतच तो विषय शिकवतो. पास झाला की एकाच कष्टाची नोंद दोन वह्यांत होते, शाळेच्या आणि कॉलेजच्या. मिनेसोटा राज्याने १९८५ साली यासाठी कायदा केला आणि असा कायदा करणारे ते पहिले राज्य. अकरावी-बारावीच्या मुलाने कॉलेजात विषय घ्यावा, फीचा आणि पुस्तकांचा भार राज्याने सोसावा, अशी ती योजना. तात्यांचा नातू याच योजनेत आहे. पुढे इतर राज्यांनी आपापल्या परीने कायदे केले आणि २०२२-२३ या एका वर्षात देशभरात सुमारे २५ लाख हायस्कूल विद्यार्थ्यांनी निदान एक तरी विषय असा घेतला. कम्युनिटी कॉलेजांत तर दर पाच विद्यार्थ्यांमागे एकजण हायस्कूलचा आहे.

बारावी संपताना कोणाच्या खात्यावर सहा क्रेडिट असतात, कोणाच्या बारा, क्वचित कोणाच्या तीस. तीस म्हणजे कॉलेजचे एक अख्खे वर्ष. एका वर्षाची फी, राहणे, जेवण वाचले. कर्ज काढून शिकणाऱ्या घराला याची किंमत काय, ते आपल्यासारख्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

इथपर्यंत वाचून एखादा सभासद म्हणेल, वा, मग आपल्याकडेही हे सुरू करा. थांबा. मलाही पहिल्या रात्री तसेच वाटले होते.

पावती मिळणे वेगळे आणि पावती चालणे वेगळे. आपल्या कारखान्याच्या काट्याची पावती दुसऱ्या कारखान्यावर दाखवून कोणी बिल मागितले तर ते मिळेल काय? तिकडेही तसेच आहे. मुलगा ज्या कॉलेजात पुढे पदवीला जाईल, ते कॉलेज ठरवणार की आधीची क्रेडिट धरायची की नाहीत. काही सगळी धरतात. काही म्हणतात, धरतो, पण मुख्य विषयात नाही, किरकोळ खात्यात टाकतो. म्हणजे मुलाच्या नावावर क्रेडिट दिसतात पण पदवी एक दिवसाने जवळ येत नाही. अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी कारभार तपासणारे एक कार्यालय आहे, त्याने २०१७ साली एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्यांचा हिशेब त्यात होता. त्यांची अंदाजे ४३ टक्के क्रेडिट वाटेत गळाली. हा आकडा कॉलेज बदलणाऱ्या सर्वांचा आहे, केवळ हायस्कूलवाल्यांचा नाही, हे खरे. पण रोग तोच. शंभर टनाला त्रेचाळीस टन तूट! आपल्या काट्यावर शंभर टनाला एक टन तूट आली तर सभासद गेट बंद करून बसतील, आणि बसावेच.

घेणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. डार्टमाऊथ नावाचे नावाजलेले कॉलेज आहे. तिथल्या मानसशास्त्र विभागाने त्या परीक्षेत पैकीच्या पैकी, म्हणजे ५ गुण मिळवलेल्या शंभरावर मुलांना आपला स्वतःचा पेपर घातला, तर दहातली नऊ मुले नापास झाली. कॉलेजने २०१३ साली जाहीर केले की यापुढे या परीक्षेच्या गुणांवर पदवीची क्रेडिट देणार नाही. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. दहा महिन्यांचा ऊस तोडून आणला तर तो काट्यावर ऊसच असतो, पण उतारा काय मिळेल? सगळाच माल अपक्व असतो असे मात्र नाही. पारख न करता गाडी परत पाठवणे हाही अन्यायच झाला.

आणखी एक अडचण पालकांच्या लक्षात येत नाही. दुहेरी प्रवेशात घेतलेल्या विषयाचे गुण कॉलेजच्या कायम नोंदीत जातात. सोळाव्या वर्षी हौसेने घेतलेला विषय जमला नाही, तर तो नापासाचा शिक्का विसाव्या वर्षीही मागे येतो. शाळेतले गुण माणूस विसरतो, हे विसरले जात नाहीत.

आणि खेड्यातल्या शाळेचे काय? शाळेतच कॉलेजचा विषय शिकवायचा तर साधारणपणे त्या विषयातले पदव्युत्तर शिक्षण घेतलेला शिक्षक लागतो. लहान गावातल्या शाळेला असा शिक्षक मिळत नाही. ही गोष्ट अमेरिकेची सांगतो आहे, पण आपल्या कार्यक्षेत्रातल्या कुठल्याही मुख्याध्यापकांना वाचून दाखवा, त्यांना ती आपलीच वाटेल.

याला उपाय नाही असे नव्हे. फ्लोरिडा राज्यात (आपल्याला सीपी जाती माहीत आहेत, त्यातले कॅनॉल पॉइंट हे संशोधन केंद्र याच राज्यात, उसाच्या पट्ट्यात आहे) सरकारी कॉलेजांतील विषयांना राज्यभर एकच क्रमांक पद्धत लावली आहे. एका कॉलेजात शिकलेला विषय दुसऱ्या सरकारी कॉलेजातील त्याच तोडीच्या विषयाऐवजी धरावाच लागतो. म्हणजे सगळ्या कारखान्यांचे काटे एकाच मापाचे केले. मला तरी या सर्व प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटली. मुलाला लवकर कॉलेजात घालण्यापेक्षा काटे जुळवण्याचे काम अवघड असते आणि त्याचा फोटो निघत नाही.

तात्यांना एवढे सगळे सांगितल्यावर ते म्हणाले, “आपल्याकडं असं काय हाय का?”

आपल्याकडची गंमत अशी की आपण अकरावी-बारावीला कॉलेज म्हणतो. १९७० च्या दशकात १० अधिक २ अधिक ३ ही रचना आली, जुनी अकरावी मॅट्रिक गेली, आणि कनिष्ठ महाविद्यालये निघाली. पोरगं कॉलेजात जायला लागलं म्हणून घरात कौतुक होते, मोटारसायकलची मागणी होते. पण त्या दोन वर्षांतला एक तासही पदवीच्या हिशेबात धरला जात नाही. तिकडे हायस्कुलात बसून कॉलेजची पावती मिळते, इकडे कॉलेजात बसून शाळेचीच. ज्याला घाई आहे तो क्लास लावतो, कॉलेजात नाव राहते नि पोरगा क्लासला राहतो. ही घाई प्रवेश परीक्षेची. तिच्यात पुढचे काही आधी जमा होत नाही.

शिडी अजिबात नाही असेही नाही. आय.टी.आय.चा दोन वर्षांचा कोर्स झालेला मुलगा तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. पदविका झालेला इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला बसतो. आपल्या कारखान्याच्या इंजिनिअरिंग खात्यात अशी वाट चढून आलेली माणसे आहेत. लोखंडावर काम करणाऱ्यांना ही शिडी पूर्वीपासून मिळाली. मातीत काम करणाऱ्यांना नाही.

आता माझ्या अधिकाराचा मुद्दा. पंचवीस वर्षांपूर्वी दहावीनंतर मी दोन वर्षांची शेतीची पदविका केली. माती परीक्षण, बियाणे, पीक संरक्षण, पाण्याची पाळी, जनावरे, सगळे हाताने केले. पहाटे उठून गोठा झाडण्यापासून गुण होते. परीक्षेत चांगला पास झालो, म्हणून वडिलांनी एका कॉलेजात पदवीच्या चौकशीला नेले. कॉलेजचे नाव लिहीत नाही, त्यांचा दोष नव्हता, नियम तसा होता. खिडकीतल्या कारकुनाने माझे गुणपत्रक पाहिले, उलटे करून मागची बाजूही पाहिली, आणि म्हणाला, “याचं इथं काही नाही. अकरावी-बारावी सायन्स करून ये, मग बघू.” म्हणजे दोन वर्षे शून्य. जमीन सव्वादोन एकर, मागे दोन बहिणी. वडील परतीच्या वाटेवर एवढेच म्हणाले, “दोन वर्षं पाण्यात गेली म्हणायची का?” मी त्याच साली कारखान्याला चिटबॉय म्हणून लागलो. पुढे फिल्डमन, ओव्हरसियर करीत आज या खुर्चीवर आहे, माझी तक्रार नाही. पण लावणीच्या दिवसांत कृषी पदवीधर शिकाऊ मुले माझ्या हाताखाली येतात, त्यांना मी सरी कशी पाडायची ते दाखवतो, तेव्हा ती खिडकी आठवल्याशिवाय राहत नाही.

म्हणून, शिकलेल्याची पावती मिळावी आणि ती पुढच्या काट्यावर चालावी, हा प्रश्न मला अमेरिकेचा वाटत नाही.

आपल्या देशात याबाबत कागदावर बरेच झाले आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक बँकेचे नियम केले. क्रेडिटला आपल्याकडे श्रेयांक म्हणतात. कॉलेजात मिळवलेले श्रेयांक या बँकेत विद्यार्थ्याच्या नावावर राहतात, मध्येच शिक्षण सुटले तरी बुडत नाहीत. मात्र मुदत आहे, जास्तीत जास्त सात वर्षे. मग एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला आणि त्यात शाळाही धरली. वर्षाचे १२०० तास शिक्षण म्हणजे ४० श्रेयांक, म्हणजेच ३० तासांना एक श्रेयांक, असा सरळ हिशेब. यात नुसता वर्ग नाही, प्रात्यक्षिक, धंदेशिक्षण, कामावरचे शिक्षण हे सर्व धरावे असे म्हटले आहे. कामाच्या अनुभवालाही वजन देण्याची तरतूद आहे. मुलांचे अपार क्रमांक शाळेत काढून घेत आहेत ते कशासाठी, असे बरेच सभासद विचारतात. त्याचे एक कारण हे खाते आहे.

पण याबाबत एक गैरसमज आताच पसरू लागला आहे. परवा एका पालकांनी मला ऐकवले की नवीन धोरणात बारावीपर्यंतचे श्रेयांक जमले की पदवी दोन वर्षांत होते. तसे नाही. आराखड्यात पायऱ्या आहेत. दहावी तिसऱ्या पायरीवर, बारावी चौथ्या. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक लागतात ते त्यापुढच्या पायऱ्यांचे. बारावीचे श्रेयांक त्यातून वजा होत नाहीत. शाळेत असताना कॉलेजच्या पायरीचा विषय घ्यावा आणि तो पुढे धरला जावा, ही अमेरिकेसारखी गोष्ट आपल्याकडे गावोगाव सुरू झालेली नाही. कोणी “श्रेयांक मिळवून देतो” म्हणून पैसे मागू लागला तर त्याला एकच प्रश्न विचारावा, कोणते कॉलेज हे धरणार ते लेखी दाखव.

आणि मला विचाराल तर ती घाई आपण करूही नये. सोळाव्या वर्षी कॉलेजचे एक वर्ष वाचवून मूल एक वर्ष आधी बेकार होणार असेल तर वाचले काय? माझे म्हणणे वेगळे आहे. आपली मुले जे आधीच शिकतात ते तरी मोजा.

कृषी कॉलेजच्या प्रवेशाला सातबारा जोडला की जादा गुण मिळतात, हे आपल्याकडे घरोघर माहीत आहे. गुण मिळावेत, माझा विरोध नाही. पण पहा कसे आहे. त्या सातबाऱ्यावरच्या रानात ज्याने कधी पाऊल टाकले नाही त्यालाही ते गुण, आणि ज्याने सुट्टीत बापाबरोबर पाणी पाजले, रोपे भरली, खोडव्याच्या बगला फोडल्या, त्यालाही तेवढेच. आणि दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्याच्या पोराकडे सातबाराच नाही, त्याचेही काम कोणी मोजत नाही. जमिनीला गुण आहेत, जमिनीवर शिकलेल्याला नाहीत. अमेरिकेत १९१७ साली शाळांतील शेती शिक्षणासाठी कायदा झाला, त्यातच अट होती की विद्यार्थ्याने वर्षातून सहा महिने तरी देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम करावे, मग ते घरच्या शेतावरचे का असेना. वासरू वाढवले, मका घेतला, त्याची वही ठेवली, मास्तर येऊन पाहून गेले. शंभर वर्षांवर होऊन गेली त्याला.

येथे एक गोष्ट लिहावीच लागते, जरी ती काहींना आवडणार नाही. आपल्या गळितासाठी दरसाल तोडणी मजूर येतात, त्यांच्याबरोबर मुले येतात. दिवाळीनंतर गावची शाळा सुटते, उन्हाळ्यात परत गेल्यावर तिथे म्हणतात, तू सहा महिने गैरहजर. इथे कोणी साखरशाळेत किंवा जवळच्या शाळेत बसवले असेल तर त्या शिकण्याची नोंद गावी पोहोचतेच असे नाही. शिक्षण हमी पत्रक म्हणून एक कागद त्यासाठी आहे, तो भरून मुलाच्या हाती देणे एवढेच काम. पावती पुढच्या काट्यावर चालण्याची सर्वांत जास्त गरज कोणाला असेल तर या मुलांना. आपण त्यांच्या आईबापांच्या गाडीचे वजन दहा-दहा किलोपर्यंत नोंदवतो. पोराचे सहा महिने मोजत नाही.

आता मी काय सुचवतो ते सांगतो. आपल्या कार्यक्षेत्रातील कनिष्ठ महाविद्यालयांतल्या इच्छुक मुलामुलींना शेती खात्याने एका हंगामात साठ तासांचे काम द्यावे. दर रविवारी तीन तास, वीस रविवार. आराखड्याच्या हिशेबाने दोन श्रेयांक. मातीचे नमुने काढणे, एक डोळा रोपांची रोपवाटिका, उगवण मोजणे, गुंठ्यातील उसाची संख्या, पक्वतेच्या वेळी ब्रिक्स घेणे. फवारणी, तोडणी, ट्रॅक्टर यांना हात लावायचा नाही. मुले मजुरीला नेलेली नाहीत, हे सर्वांना स्वच्छ दिसले पाहिजे. प्रत्येकाची वही, तारखेनुसार तास, खाली फिल्डमनची आणि शिक्षकांची सही.

आणि हे सर्व सुरू करण्याआधी एखाद्या कृषी कॉलेजकडून किंवा विद्यापीठाकडून लेखी घ्यायचे की ही वही ते पाहतील, हवी तर मुलांची तोंडी परीक्षा घेतील, पण धरतील. आधी पत्र, मग काम. मिनेसोटातल्या मायबापांना जे अनुभवाने कळले ते आपण आधीच शहाणे होऊन करावे. पत्र मिळत नसेल तर मुलांना खोटी आशा लावू नये. हौसेने यावे, शिकावे, पण श्रेयांक हा शब्द काढू नये.

यावर संचालक मंडळात कोणी म्हणेल की हे शाळेचे काम, कारखान्याचे नव्हे. त्यांना एवढेच सांगतो, उसाचे काम शिकलेला फिल्डमन हल्ली जाहिरात देऊनही मिळत नाही. कोणी सभासद म्हणतील, पोरं उसातून बाहेर पडावी म्हणून शिकवतोय, तुम्ही पुन्हा उसातच घालता. हा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. माझा स्वतःचा मुलगा कॉम्प्युटर शिकतो आहे, तेव्हा मी दुसऱ्याच्या मुलाला उपदेश कोणत्या तोंडाने करू? ज्याला यायचे नाही त्याने येऊ नये. पण जे पोर येतेच आहे, त्याचे येणे वाया का जावे?

असे एक पोर गेल्या हंगामात आले म्हणून हे सगळे सुचले. एका सभासदाची मुलगी, अकरावीत. मी तिच्या वडिलांच्या प्लॉटवर रिफ्रॅक्टोमीटर घेऊन गेलो असताना मागे लागली, काका, मला दाखवा. दाखवले. एक जुना रिफ्रॅक्टोमीटर गट ऑफिसात पडून होता तो तिला दिला. तिने रविवार-रविवार शेजारच्या अकरा प्लॉटचे ब्रिक्स घेतले, बुडख्याचे वेगळे, शेंड्याचे वेगळे. एका प्लॉटला बुडख्याला २१ आणि शेंड्याला १५ आले. शेंडा बुडख्याच्या जवळ आल्याशिवाय ऊस पक्व धरत नाहीत, आणि तो प्लॉट त्याच आठवड्याच्या तोडणी कार्यक्रमात होता. माझा फिल्डमन म्हणाला, पोरीचे काहीतरी चुकले असेल. मी स्वतः जाऊन पुन्हा घेतले. आकडा बरोबर होता. त्या प्लॉटची तोड आम्ही पुढे ढकलली.

तात्यांच्या नातवाचे कळले ते असे. त्याच्या आईने तीन कॉलेजांना आधीच पत्रे घातली होती. दोघांनी सर्व क्रेडिट धरू म्हणून कळवले, तिसऱ्याने फक्त गणिताचे. तात्या आता गावात सांगतात, पोरगं शाळंत हाय पण कॉलेजच्या खात्यावर पावत्या पडत्यात. एवढे लोकांना लगेच कळते.

त्या मुलीची वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. बेचाळीस पाने, सगळ्या तारखा, एकंदर तास एकाहत्तर. खाली सही करायला दुसरे कोणी नव्हते म्हणून मीच केली आहे. ती येत्या वर्षी बारावीला बसेल. वही कोणाकडे पाठवायची ते मला कोणी सांगू शकत असेल तर शेती ऑफिसात सकाळी दहाच्या आत मी भेटतो, त्यानंतर रानात असतो.